ठोकून न पाहिलेला कणा

मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर, मणक्यांच्या पोकळीत पू साठतो, त्याला एपिड्युरल अ‍ॅब्सेस म्हणतात. ताप, पाठदुखी आणि पायांतली शक्ती जाणे ही त्याची तीन लक्षणं मला एमबीबीएसपासून पाठ होती, आणि तिन्ही एकत्र दिसल्याशिवाय हा आजार माझ्या मनात येतच नसे. खरं तर पाठदुखी सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत असते, ताप जेमतेम निम्म्यांत, शक्ती किंवा संवेदना गेल्याची खूण एक तृतीयांशांत. तिन्ही एकदम थोड्याच जणांत सापडतात, तेही बहुधा उशिरा.

माझ्याकडे आलेले शेतकरी पन्नाशीचे, मधुमेही. पोतं उचलताना उसण भरली म्हणाले. काही आठवड्यांपूर्वी मानेवर काळपुळी होऊन ती चिरली होती, हेही त्यांनी सांगितलं. मी ते लिहून घेतलं आणि शुगर तपासायला सांगितली. काळपुळीतला स्टॅफिलोकॉकस रक्तातून मणक्यापर्यंत पोहोचतो, आणि या गळवांत सर्वांत जास्त वेळा तोच जंतू सापडतो, हे मला ठाऊक होतं. ते त्या माणसाला लावून पाहिलं नाही.

तपासणी कशी केली तेही सांगतो. टेबलावर झोपवून पाय सरळ उचलून पाहिले, गुडघ्यांवर हातोडी मारली. दोन्ही ठीक. या दोन्ही गोष्टी कमरेच्या नसांची खबर देतात, आणि त्यांचा पू पाठीच्या मधल्या भागात होता. सदरा काढायला सांगितला नाही. एकेका मणक्यावर मुठीने हलकेच ठोकत खाली गेलो असतो, तर बहुतेक ते एका जागी दचकले असते. ही खूण प्रत्येकात मिळतेच असं नाही, पण शोधायला अर्धं मिनिट पुरतं. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “यांना आडवं झालं की जास्त दुखतं. रात्रभर बसूनच असतात.” साधी उसण पडून राहिल्यावर सहसा हलकी होते. मी मात्र डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं. केसपेपरवर “सीएनएस: एनएडी” लिहिलं, म्हणजे मज्जासंस्थेत दोष आढळला नाही. जी तपासलीच नव्हती, तिच्यापुढे.

दुसऱ्या खेपेला कळ बरगड्यांवरून पोटाकडे येत होती, पट्टा आवळल्यासारखी. हुस्नर यांनी 1948 मध्ये या आजाराचे टप्पे लिहून ठेवले आहेत: आधी पाठ दुखते, मग नसेच्या वाटेने कळ जाते, मग शक्ती आणि लघवी-शौचावरचा ताबा कमी होतो, शेवटी लुळेपणा. एक टप्पा कधी काही तासांत उलटतो, कधी काही दिवसांत. माझ्यासमोर दुसरा टप्पा होता आणि मी पित्ताशयातले खडे शोधायला सोनोग्राफी लिहिली. खडे नव्हते. लघवी करून आल्यावरही मूत्राशयात बरीच लघवी उरली आहे, असं मात्र रिपोर्टात स्पष्ट होतं. मी प्रोस्टेटवर ढकललं. गुदद्वाराभोवतीची संवेदना टाचणीने पाहणं, बोट घालून तिथला ताण पाहणं, तळपायावर ओरखडा काढून अंगठा वर जातो का ते बघणं, यातलं काहीच केलं नाही. संकोच वाटला म्हणून, बाहेर रांग होती म्हणून. ताप नव्हता याचाही मला दिलासा वाटला. ते घरी पॅरासिटामॉल घेत होते आणि वर माझं इंजेक्शन होतं, मग थर्मामीटर काय सांगणार?

मुलाच्या खांद्यावर हात टाकून ते आत आले होते. दुखण्यामुळे, असं मी धरलं. चार पावलं एकट्याने चालून दाखवा म्हणायला हवं होतं.

पुढे त्यांना उचलूनच आणलं. तेव्हा मी टाचणी घेऊन पायांपासून वर गेलो. छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत टोचणं बोथट, त्याच्या वर तीक्ष्ण. पायांचे रिफ्लेक्स मिळेनात, आणि तिथेही मी घोटाळलो. रिफ्लेक्स गेले म्हणजे गिलाँ-बारे हा नसांचा आजार असेल असं क्षणभर वाटलं. मज्जारज्जूवर अचानक दाब आला की सुरुवातीला रिफ्लेक्स असे नाहीसे होतात, आणि धडावर संवेदनेची इतकी स्वच्छ रेषा असेल तर आधी कण्याकडेच पाहायचं असतं. जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. कॉन्ट्रास्ट देऊन पूर्ण कण्याचा एमआरआय झाला, कारण पू एकाहून अधिक जागी असू शकतो. पाठीच्या पाचव्या ते आठव्या मणक्यामागे पू होता. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली.

शस्त्रक्रियेच्या वेळी पायांत किती शक्ती उरली आहे, यावर पुढचं बरंचसं ठरतं. त्यांच्यात फार थोडी उरली होती. आता ते वॉकर धरून घरात फिरतात आणि लघवीसाठी दिवसातून अनेकदा स्वतः नळी घालतात. शेत मुलाने हाती घेतलं आहे.

मुलाने मला सरळ विचारलं, “डॉक्टर, पहिल्या दिवशी कळलं असतं का?” पहिल्या दिवशी शंका यायला हवी होती, असं मी म्हणालो. दुसऱ्या खेपेला तर नक्कीच. वडील त्या वेळी अजून चालत होते, हेही मी त्याला सांगितलं.