चांद्याच्या तटाकाठी, बाबांच्या चालीने

गडचांदूरच्या माझ्या दवाखान्यात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वयस्क रुग्णाला मी सांगतो, “रोज थोडे तरी चालत जा.” माझ्या स्वतःच्या घरात मात्र दीड वर्ष याच्या नेमके उलट चालले होते, हे वाचकहो, आधीच कबूल करतो. आई गेल्यानंतर काही दिवसांतच ८४ वर्षांच्या बाबांचा न्हाणीघरात तोल गेला. हाड वाचले, पण मी इतका धास्तावलो की पुढे त्यांना अंगणापलीकडे जाऊ दिले नाही. पाणी हातात, जेवण खुर्चीवर, औषधे वेळेवर. हळूहळू पोटऱ्या वाळल्या, पाऊल अडखळू लागले आणि बोलणे ‘हो’ आणि ‘नको’ एवढ्यावर आले. उतारवयात न वापरलेले स्नायू फार लवकर झिजतात आणि पाय दुर्बल झाले की पडण्याचा धोका उलट वाढतो. हे मी पुस्तकात शिकलो होतो, घरात विसरलो.

“टीव्हीवर चांद्याचे नाव आले की बाबा मान वर करतात,” हे माझ्या पत्नीच्या लक्षात आले. चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर, गोंड राजांची जुनी राजधानी. बाबांनी शिक्षकी पेशाचे प्रशिक्षण तिथेच घेतले होते. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी, ऊन कोवळे असताना, आम्ही तिघे निघालो. राजुऱ्यापुढे वर्धा नदीचा पूल ओलांडला की बल्लारपूर लागते. गोंडांची राजधानी आधी इथे होती. राजधानी इथून चांद्याला का गेली, याची आख्यायिका आम्हाला आमच्या वाटाड्याने सांगितली. हे साठीचे गृहस्थ अंचलेश्वर दरवाजापाशी आमची वाट पाहत उभे होते.

त्यांनी प्रथम माहिती सांगितली नाही. बाबांच्या हातातली काठी पाहिली, सावलीतला कट्टा दाखवला आणि म्हणाले, “बसा जी गुरुजी, तट कुठं पळून नाही चालला.” मग दरवाजावरचे शिल्प दाखवले : हत्तीला नमवणारा सिंह, गोंड राजांचे राजचिन्ह. शहराभोवती सुमारे ११ किलोमीटर लांबीचा तट आहे. त्याला अंचलेश्वर, जटपुरा, बिनबा आणि पठाणपुरा असे चार दरवाजे आहेत, शिवाय बगड, विठोबा, हनुमान, चोर आणि मसण अशा पाच खिडक्या, म्हणजे लहान दारे. तट पुरा व्हायला राजांच्या अनेक पिढ्या लागल्या. मध्यंतरी त्यावर झाडोरा माजला होता; २०१७पासून ‘इको-प्रो’ संस्थेच्या स्वयंसेवकांनी तो स्वतःच्या हातांनी साफ केला.

अंचलेश्वराच्या मंदिराजवळ त्यांनी आख्यायिका सांगितली. बल्लारपूरच्या खांडक्या बल्लाळशहाच्या अंगभर गाठी होत्या. काही केल्या गुण येत नव्हता. एकदा शिकारीत तहानलेला राजा झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका खळग्यातले पाणी प्यायला, त्याने तोंड धुतले आणि घरी परतला. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली. सकाळी राणीला गाठी उतरल्यासारख्या वाटल्या. तिने विचारपूस केली, राजाला पुन्हा त्याच जागी नेले, वाळू दूर करवली. तिथल्या पाण्यात स्नान केल्यावर तो बरा झाला. पुढे त्याच रानात कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्यामागे लागलेला दिसला आणि त्या सशाच्या वाटेने तट बांधावा, असा सल्लाही राणीनेच दिला.

पाण्याच्या गुणाविषयी डॉक्टर म्हणून मी काही म्हणणार नाही. आजची झरपट तर जलपर्णीने आणि सांडपाण्याने भरलेली आहे. तिचे पाणी कुणी तोंडाला लावू नये. पण कथेतली एक गोष्ट मला अस्सल वाटली. गुण आल्याची पहिली खूण राणीला दिसली आणि ती खूण होती शांत झोप. रुग्णाची झोप, भूक, चाल, नजर यांतला बदल तपासणीच्या कागदावर येण्याआधी शुश्रूषा करणाऱ्याला कळतो. काळजीवाहकांनो, दवाखान्यात आल्यावर हे बारकावे संकोच न करता सांगत जा.

जवळच गोंडराजांचे समाधिस्थळ आहे. त्यातली बीरशहाची देखणी समाधी राणी हिराईने बांधविली. अठराव्या शतकाच्या आरंभी पतीचा खून झाल्यावर तिने दत्तक पुत्राच्या वतीने राज्य सांभाळले. महाकालीचे मंदिरही तिचेच. बाबा समाधीच्या दगडावर हात ठेवून बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, “तुझ्या आईला हे दाखवायचे राहून गेले.” दीड वर्षात आईविषयी त्यांनी उच्चारलेले हे पहिले वाक्य. मी काहीच बोललो नाही. पत्नीने पाण्याची बाटली पुढे केली.

“तुमी कोन्या साली होते जी चांद्याले, गुरुजी?” वाटाड्याने विचारले. “साठ-एकसष्ट,” बाबा म्हणाले, “पठाणपुरा वेशीबाहेर इरईवर पोहायला जायचो.” पुढचा दरवाजा जटपुरा ठरला होता, आम्ही गाडी पठाणपुऱ्याकडे वळवली. तिथे उतरल्यावर सांगणारे बाबा होते आणि ऐकणारे वाटाडे. नदीची वाट कुठून जायची, ते दाखवत बाबा तटाच्या कडेने चालू लागले. मी दंड धरायला पुढे झालो, तेव्हा वाटाड्याने डोळ्यांनीच मला थांबवले आणि स्वतः त्यांच्या पाऊलभर मागे, हात न लावता, चालत राहिले. दोनशे पावले असतील. मधे दोनदा थांबले, पण बसले नाहीत.

आपणही घरच्या वृद्धांना असे कुठे नेणार असाल, तर थोडे भान ठेवा. चंद्रपूरचा उन्हाळा कडक असतो. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ निवडा, मात्र दम्याच्या रुग्णांनी हवा धुरकट असेल तर ऊन चढेपर्यंत थांबावे. वाढत्या वयात तहान कमी जाणवते, म्हणून मागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी द्या. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे बंधन असेल, तर डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवा. मधुमेहींनी उपाशी निघू नये. खिशात साखर ठेवावी, घरी परतल्यावर तळपाय तपासावेत. बसल्यावर एकदम उठू नये. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. स्वच्छतागृह कुठे आहे, हे आधीच विचारून ठेवा. त्या संकोचापायी अनेक ज्येष्ठ बाहेर पडणेच टाळतात. आणि एका दिवसात सगळे दरवाजे पाहण्याचा हट्ट नको. आम्ही दोनच पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात निघालो असताना पत्नी म्हणाली, “बाबांना रात्री छान झोप लागली.” बाबा अंगणाच्या फाटकाशी उभे होते, काठी हातात, चपला पायात. मी फाटकाची कडी काढली.