ठिपक्यांचा हिशेब

वस्तू मोडली म्हणजे माणसाला फारसा विचार करावा लागत नाही. छत्रीच्या काड्या मोडल्या आणि मृग तोंडावर आला, की नवी छत्री घ्यावीच लागते. जांबोटीच्या पावसाशी ज्याची गाठ पडली आहे त्याला हे निराळे सांगावयास नको. खरी पंचाईत होते ती न मोडलेल्या वस्तूची. ती आपले काम इमानाने करीत असते, आणि तिच्याहून सरस अशी दुसरी वस्तू बाजारात येऊन उभी राहते. अशा वेळी जुनी टाकावी काय? यंदा आमच्या टॅबलेटने आमच्यापुढे हाच प्रश्न टाकला.

आमचा टॅबलेट दहा इंचांचा. रात्री जेवणे आटोपल्यावर त्यावर विश्वकोश चाळावा, जुन्या ग्रंथांच्या पानांची छायाचित्रे वाचावी, आणि दिवसा वर्गात एखादा नकाशा दाखवावा, एवढेच त्याचे काम. दिवाळीच्या सुटीत बेळगावास गेलो असता त्याच आकाराचा नवा टॅबलेट पाहिला. किंमत वीस हजारांच्या आसपास. अक्षरे अशी रेखीव, की नुकतीच बोरूने लिहिली असावीत. दुकानदार म्हणाला, "सर, हा एकदा पाहिलात की जुना हातात धरवणार नाही." त्याचे बोलणे खोटे नव्हते. परंतु विकणाऱ्याची गरज वेगळी आणि घेणाऱ्याची वेगळी. म्हणून घरी येऊन आम्ही कागद-पेन्सिल घेतली.

पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. आमच्या जुन्या पडद्यावर एका बाजूस १२८० व दुसऱ्या बाजूस ८०० ठिपके. म्हणजे इंचाला सुमारे १४९. नव्यावर २००० व १२००. म्हणजे इंचाला सुमारे २३१. आता डोळ्याची बाजू पाहू. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो, असे नेत्रशास्त्र मानते. पुस्तक आपण साधारण ४० सेंटीमीटरवर धरतो. तेथे हा तपशील सुमारे ०.१२ मिलिमीटर भरतो. जुन्या पडद्याचा ठिपका ०.१७ मिलिमीटरांचा, नव्याचा ०.११ चा. म्हणजे जुन्याचे ठिपके डोळ्याला किंचित जाणवतात, नव्याचे जाणवत नाहीत. दुकानात आम्हांला जो फरक दिसला तो भास नव्हता.

देवनागरी वाचणाराला तर हा फरक अधिकच महत्त्वाचा. रोमन लिपीतील अक्षरे सुटी व उघडी. आपल्या लिपीत वर रेघ, रेघेवर मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये 'ष्ट्र'सारखी जोडाक्षरांची दाटी. एक टिंब पुसट झाले की 'नंदी'ची 'नदी' होते आणि 'वंशा'चा 'वश' होतो. मुंबईत १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला; त्याची कीर्ती झाली ती त्याच्या टाइपाच्या सुबकपणामुळेच. सुरेख अक्षराचा सोस हा काही आजचा नव्हे.

तथापि, प्रत्येक सोयीची किंमत कोठे तरी मोजावी लागते. ॲपल कंपनीचा पहिला आयपॅड २०१० साली निघाला. त्यावर इंचाला १३२ ठिपके होते. २०१२ साली त्यांची संख्या दुप्पट, म्हणजे २६४ झाली. पण इतके ठिपके उजळण्यासाठी बॅटरी २५ वॅट-तासांवरून ४२.५ पर्यंत न्यावी लागली, यंत्राचे वजन वाढले, आणि एवढे करूनही ते पूर्वीइतकेच, सुमारे दहा तास चालले. पुढे यंत्रे सुधारली, हे खरे. तरी दाट पडदा अधिक वीज मागतो हा नियम राहिलाच. आषाढात कणकुंबीकडून ढग उतरू लागले, की आमच्या गावी दिव्यांचा भरवसा नसतो. तेव्हा बॅटरीचा एक तासही मोलाचा वाटतो.

शिवाय वाचायचे काय, हाही प्रश्न आहेच. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ साली निघाला. त्यातील नोंदी आज संगणकाच्या अक्षरांत मिळतात. ती अक्षरे यंत्र दर वेळी नव्याने रेखाटते, म्हणून दाट पडद्यावर ती खुलतात. उलट मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ती आम्ही छायाचित्रांच्या रूपात वाचतो. छायाचित्रच अंधुक असेल, तर उत्तम पडदा तो अंधुकपणाच नीट दाखवील. दुसरे काय करणार?

आणि वर्ग? वर्गात पाच-सहा मुले टॅबलेटभोवती उभी राहतात; त्यांचे डोळे पडद्यापासून मीटरभर तरी दूर असतात. आमच्या हिशेबाप्रमाणे साठ सेंटीमीटरपलीकडे जुन्या पडद्याचेही ठिपके डोळ्यांना दिसेनासे होतात. म्हणजे मुलांना दाट ठिपक्यांचा काडीचा उपयोग नाही. त्यांना हवे मोठे अक्षर, आणि ते बोटाने चित्र मोठे केले की मिळते.

याच सुमारास एक गोष्ट घडली. आठवीतील एक विद्यार्थिनी टॅबलेट अगदी नाकाजवळ धरून वाची, आणि तरीही अनुस्वार गाळी. "सर, काच धूसर आहे," असे ती म्हणे. आम्ही तोच उतारा तिला छापील पुस्तकातून वाचावयास दिला. छापील अक्षर कोणत्याही टॅबलेटहून रेखीव. पण अनुस्वार तेथेही गळले. तेव्हा दोष काचेचा नाही हे उघड झाले. आम्ही तिच्या वडिलांना बोलावून घेतले. त्यांनी तिचे डोळे तपासून घेतले, आणि आज ती चष्मा लावून शेवटच्या बाकावरून फळा वाचते.

हा सारा हिशेब घरी चालला असता आमच्या आईने तो ऐकला. आमच्या घरची बोली कोंकणी. ती म्हणाली, "पुता, तुजे दोळे बरे आसात न्हय? मागीर नवी कांच कित्याक?" ठिपक्यांचे गणित तिला ठाऊक नाही, पण प्रश्न तिने नेमक्या जागी विचारला होता.

विद्यार्थिमित्रहो, यातून आम्ही स्वतःपुरती एक रीत ठरविली आहे. अक्षर पुसट दिसले, तर प्रथम पाहावे की पुसटपणा पानाचा, पडद्याचा की डोळ्याचा. पानाचा असेल तर चांगली प्रत शोधावी; डोळ्याचा असेल तर वैद्याकडे जावे; आणि उरलाच तर पडद्याचा विचार करावा. आमच्या बाबतीत पडद्याचा वाटा आहे, पण तो रात्रीच्या तासाभराच्या वाचनापुरता. त्यासाठी वीस हजार रुपये खर्चणे आम्हांला यंदा पटले नाही. त्यातील थोड्या पैशांत वर्गाच्या कपाटासाठी दोन छापील शब्दकोश घेतले. ते मुले घरी नेतात, आणि दिवे गेले तरी कंदिलाच्या उजेडात वाचता येतात.

जुन्या टॅबलेटची बॅटरी एक दिवस दम सोडील. त्या वेळी आम्ही दाट ठिपक्यांचाच घेऊ, आणि आनंदाने घेऊ. तोवर विश्वकोशातील बारीक तळटिपा वाचताना डोळे थोडे बारीक करावे लागतील, इतकेच.