पाळीच्या आधीचा आठवडा

चौल

प्रिय बयो,

फोनवर तू रडवेली होऊन म्हणालीस, "आत्या, पाळी जवळ आली की मला माझाच राग येतो." मागून तुझी आई म्हणाली, "रात्रभर मोबाइल, दिवसभर चहा, मग होणारच." तिच्यासमोर बोलता येईना, म्हणून लिहिते.

छाती दुखणं, पोट फुगणं, चिडचिड, उगाच रडू येणं, हे पाळीआधी सुरू होऊन पाळी आल्यावर दोन-चार दिवसांत ओसरत असेल, तर डॉक्टर त्याला पीएमएस म्हणतात. कॅथरीना डाल्टन आणि रेमंड ग्रीन या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी १९५३ साली हे नाव रूढ केलं. बीज सुटल्यावर संप्रेरकं वाढतात आणि पाळीआधी उतरतात. हे सगळ्याच बायकांचं होतं. काहींच्या मेंदूला मात्र तो चढउतार सोसत नाही. म्हणजे मूळ तुझ्या मोबाइलमध्ये नाही की स्वभावातही नाही.

मग राहणीचा संबंध काय? अपुरी झोप, बैठं जगणं, उपाशीपोटी चहा यांनी त्रास वाढू शकतो. पण मुरुडहून पहाटेची एसटी धरून अलिबागला कॉलेज गाठायचं आणि परत येऊन भांडी घासायची, हे काही तुझ्या हौसेचं नाही. म्हणून झोपेची वेळ सांभाळायची तर संध्याकाळचं काम घरात वाटून घ्यायला हवं, हे आईला माझ्या नावाने सांग. रोज अर्धा तास समुद्रावर भरभर चाल. त्या आठवड्यात खारवलेला बांगडा, पापड, लोणचं जरा कमी.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या बायकांचा त्रास तिसऱ्या पाळीपर्यंत जवळजवळ निम्म्याने घटला. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचाही तीस टक्के घटला, तेव्हा चमत्काराची आशा नको. कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी, काट्यासकट मांदेली, दूध आहेच. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आजपासून दोन महिने रोजचा त्रास तारखेसह वहीत लिही आणि ती वही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. कधी जगणंच नकोसं वाटलं, तर वही भरायची वाट बघू नकोस: मला उठव, किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. तो मोफत आहे, रात्रीही लागतो.

तुझी,
आत्या