वजनकाटा आणि गोळा

भरतीच्या पोरांना पोलीस खात्याचं ग्राउंड तोंडपाठ असतं. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारले की २० गुण, १०० मीटर साडेअकरा सेकंदांत आले की १५ आणि ७.२६ किलोचा गोळा साडेआठ मीटरला पडला की उरलेले १५. सोळाशेला हलकं अंग लागतं, गोळ्याला भरलेलं. बारावीनंतर अभ्यासिकेत बसून पोट सुटलेला पोरगा नगरला माझ्याकडे येतो, तेव्हा त्याला यातलं एकच दिसत असतं. “सर, आधी दहा किलो उतरवतो, ताकदीचं मग बघू.”

हा क्रम मला मान्य नाही. अर्धपोटी राहून रोज नुसतं पळणाऱ्याचं वजन झपाट्यानं उतरतं, घरचे खूश होतात, आणि महिन्याभरानं गोळा मीटरभर अलीकडे पडायला लागतो. चरबीबरोबर मांड्या आणि खांदेही गेलेले असतात. जे स्नायू जड कामाला लागत नाहीत, ते अन्न तुटलं की शरीर पोसत बसत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून बैठका, जोर आणि खांद्यावर वाळूचं पोतं. पोतं महत्त्वाचं. नुसत्या शेकड्यानं काढलेल्या बैठकांनी दम वाढतो, पण गोळ्याला लागते ती ताकद पाच-सहा वेळांतच थकवणाऱ्या वजनातून येते.

उलट, सगळं एकदम जोरात केलं तरी गाडी अडते. अमेरिकेतले रॉबर्ट हिक्सन मुळात वजनं उचलणारे. प्रयोगशाळेतल्या वरिष्ठांबरोबर रोज पळायला लागल्यावर आपली ताकद ओसरतेय, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी त्याचा रीतसर अभ्यास केला, तो १९८० साली छापून आला. दहा आठवडे ताकदीचा आणि दमाचा कडक सराव एकत्र करणाऱ्यांची ताकद सातेक आठवडे वाढली, मग थांबली आणि शेवटी घसरली. नुसती वजनं उचलणाऱ्यांची मात्र वाढतच राहिली. नवख्या पोराला ही अडचण लवकर येत नाही, त्याचं सुरुवातीला सगळंच सुधारतं. तरी पोत्याच्या दिवशी मी पळण्यात वेळ लावत नाही, आणि बाकीचं बरंचसं पळणं गप्पा मारता येतील इतकं संथ ठेवतो. पोरांना ते अपमानास्पद वाटतं.

अविनाश साबळेचं नाव दर बॅचमध्ये निघतंच. आष्टी तालुक्यातलं मांडवा आमच्या शेजारचं, जिल्हा तेवढा बीड. सैन्यात असताना वजन वाढलेला हा गडी प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली तीन महिन्यांच्या आत वीसेक किलोंनी उतरला. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्यानं ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत मारली. पोरं त्यातले वीस किलो तेवढे उचलतात. त्या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. पायांत जोर नसेल तर नुसत्या हलक्या अंगाचा तिथे उपयोग नाही. शिवाय त्याच्यामागे सैन्याची मेस आणि रोजची देखरेख होती. आमच्याकडे आठवड्याला अर्धा किलो, त्याहून जास्त नाही.

खाण्याचं खरं भांडण प्रथिनांचं. किलोमागे दीडेक ग्रॅम धरलं तरी ७५ किलोच्या पोराला दिवसाला ११० ग्रॅमच्या वर लागतात. भाकरी-ठेच्यावर ते भागत नाही. पाथर्डी-शेवगावकडच्या माळकरी घरांत अंडं चालत नाही. मग मोडाची मटकी, हुलगे, दूध आणि सोयाबीनच्या वड्या. ५० ग्रॅम कोरड्या वड्यांतून पंचवीसेक ग्रॅम मिळतात आणि खिशालाही परवडतं. भाकरी मी तोडत नाही. दिवसभरातले पाच गोड चहा तोडतो, वडापाव तोडतो. पोरींना तर सहसा वजन उतरवायला सांगतच नाही. आधी हिमोग्लोबिन तपासून या म्हणतो. दम कमी पडण्याचं कारण बऱ्याचदा तिथे सापडतं.

रविवारी चांदबीबी महाल. कबर सलाबतखानाची, नाव चांदबीबीचं. पोरांना त्याचं काही नसतं, त्यांना चढ दिसतो. चढावर वेग आपोआप कमी राहतो, गुडघ्यांवर आदळ कमी बसते आणि मांड्या भरपूर राबतात. ताकद आणि दम एकत्र कमवायला आमच्या जिल्ह्यात याहून स्वस्त जागा नाही. उतरताना मात्र चालत.

मोजमापाला मी बेंबीवर टेप लावतो आणि गोळा टाकायला लावतो. कंबर कमी झाली आणि गोळा जागचा हलला नाही, तर गेली ती चरबी. वजनकाट्यावर त्या महिन्यात किलोच उतरला असला तरी मी निर्धास्त असतो. दोन्ही घटलं, तर भाकरी वाढवायची आणि पळणं कापायचं.

ग्राउंडच्या आधीचे दहा-बारा दिवस सराव निम्म्यावर आणतो आणि पोटभर जेवायला सांगतो. हे कुणालाच पटत नाही. काही जण पहाटे बायपासला गुपचूप पळून येतात आणि वर मलाच सांगतात, सर, झोप मस्त झाली. मी काही बोलत नाही, हातात गोळा देतो.