गाद्यांचे पाणी

देवबागजवळ, कर्ली नदीच्या मुखाबाहेर, होडीवाल्याने इंजिन बंद केले. करड्या, कुबड असलेल्या पाठी वर आल्या. मच्छीमारांचा ‘गादा’ तो हाच; छापील मराठीला मात्र ‘डॉल्फिन’च ठाऊक. (श्वास सोडतानाचा त्यांचा सुस्कारा ऐकल्यावर ‘मासा’ हा शब्द जिभेवर येत नाही.) त्यांच्यासोबत पोहण्याच्या तयारीनेच आम्ही आलो होतो. होडीवाला म्हणाला, “जेवतत ते, सर. उडी मारलात तर जातले.” १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पहिल्या अनुसूचीत स्थान दिलेल्या प्राण्याची बाजू इतक्या थोडक्यात मांडलेली आम्ही ऐकली नव्हती. आम्ही होडीच्या काठावर हात टेकून बसून राहिलो. तेवढ्यात पर्यटकांच्या तीन होड्या शिट्ट्यांच्या गजरात आल्या आणि पाणी सपाट झाले.