गवताचे यंत्र की छोटा ट्रॅक्टर?

माझी थोरली बहीण, आमची अक्का, भोपाळला बाग सेवनियात राहते. भावोजी नोकरीनिमित्त तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. एम्स रुग्णालय आणि बरकतउल्ला विद्यापीठ यांच्या आसपासचा हा भाग, एकेकाळचे गाव, आता शहराच्या पोटात गेलेले. तिथून पुढे मिसरोदच्या पलीकडे अक्काच्या नावावर तीन एकर जमीन आहे. आंबा, पेरू, आणि ओळींमधून पावसाळ्यात कमरेएवढे माजणारे गवत. गवत कापायला माणूस मिळेना आणि गवतात साप निघू लागले. शेवटी यंत्र घ्यायचे ठरले, पण कोणते यावर घरात दोन तट पडले. 'तू शेतात राबणारा, तू येऊन सांग,' म्हणून मला बेळगावहून बोलावणे आले.

भावोजींना हवे होते 'झीरो टर्न'. नाव वाचकांना नवे वाटेल. बसून चालवायचे गवत कापणीचे यंत्र, त्याला स्टिअरिंग नसते. दोन हातांत दोन दांडे, प्रत्येक दांड्यावर मागचे एकेक चाक. दोन्ही पुढे ढकलले की यंत्र पुढे, एक पुढे आणि एक मागे केला की जागच्या जागी गर्रकन वळते. झाडाच्या बुंध्याभोवती फिरायला याच्याइतके चपळ दुसरे काही नाही. आपल्याकडे गोल्फच्या मैदानांवर किंवा मोठ्या हिरवळींवर ते दिसते.

सुनेचे मत वेगळे. ती धारवाडची, माहेरी शेती. तिला पंधरा-वीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर हवा होता. मी पोचलो त्या संध्याकाळीच चहाचा कप पुढे करत म्हणाली, 'मामा, नीवे हेळ्री.' बाकी घरात मराठी-हिंदी चालते. मला आपल्या बाजूला ओढायचे म्हणून कन्नड!

दुसऱ्या दिवशी जमीन पायाखाली घातली. काळी, पाऊस पडला की बूट ओढून घेणारी. एका अंगाला शेततळ्याकडे उतार. झीरो टर्नचा जीव हिरवळीवर. बोट-दोन बोटे वाढलेले गवत ते सुरेख कापते, पण कमरेएवढे ओले गवत त्याच्या पात्यांत गुंडाळून बसते. त्याला ब्रेक म्हणजे तेच दोन दांडे. ओल्या उतारावर मागची चाके घसरली की पुढची चाके नुसतीच भिरभिरतात, वळवायला काही हातात राहत नाही. आणि खाली शेततळे. शिवाय गवत कापण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही, म्हणजे वर्षातले आठ महिने ते ताडपत्रीखाली. किंमत विचारली तर छोट्या ट्रॅक्टरच्या घरात.

ट्रॅक्टरला मागे स्लॅशर जोडला की तेच गवत भुईसपाट. स्लॅशर काढा आणि रोटाव्हेटर लावा, फवारणीचा पंप लावा, ट्रॉली लावून पेरूचे क्रेट रस्त्यावर आणा. भाड्याचाही विचार झाला. आपल्याकडच्या कृषी यंत्रधारे केंद्रांसारखी सोय तिकडेही आहे. पण पावसाने उघडीप दिली की सगळ्यांना यंत्र त्याच आठवड्यात हवे असते.

खरे तर अशा प्रश्नासाठी भोपाळसारखे गाव नाही. केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था १९७६ पासून तिथे नबीबागेत आहे आणि ट्रॅक्टरची सरकारी तपासणी करणारी बुदनीची संस्था १९५५ ची, नर्मदेच्या काठी. मी मात्र भावोजींना बेळगावचाच दाखला दिला. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्या बेळगावात सायकलचे दुकान चालवायचे. तिथेच त्यांनी कडबा कापायचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीने सुरुवातीला नांगर कोणी घेईना. १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले. भावोजी हसले, पण मत बदलले नाही.

का बदलले नाही, ते अक्काने रात्री ओसरीवर सांगितले. भावोजींच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्या आहेत. ट्रॅक्टरचा क्लच त्यांच्या पायाला झेपणार नाही. झीरो टर्नला सगळे हातावर, पायाचे काम नाही. 'ते यंत्र आले तर ते चालवतील. ट्रॅक्टर आला तर सून चालवेल आणि हे बांधावर बसतील,' अक्का म्हणाली. पंचवीस वर्षांपूर्वी यातले प्रत्येक आंब्याचे रोप भावोजींनी हाताने लावले आहे.

हे कळल्यावर माझी जीभ जड झाली. पण उतार काही माझ्या भिडेखातर कमी होणार नव्हता. सकाळी मी भावोजींना घेऊन तळ्याच्या काठाला गेलो आणि तिथली ओली माती पायाने दाबून दाखवली. 'इथे घसरलात तर काय धरणार?' एवढेच विचारले. ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'सुनेला ओढणी बांधून बसायला सांगा.' माणूस हरला तरी नेमक्या जागी बोट ठेवतो. ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो. पदर किंवा ओढणी त्यात सापडली तर सोडवायला वेळ मिळत नाही. त्या दांड्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण पुष्कळ जण काढून फेकतात. आमच्याकडे ते काढायचे नाही, असे तिथेच ठरले. सूनही सलवार-कमीजऐवजी नवऱ्याची जुनी पँट घालायला तयार झाली.

अनुदानाचा अर्ज अक्काच्या नावाने गेला, कारण सातबाऱ्याला तिकडे जे काही म्हणतात त्यावर नाव तिचे. ट्रॅक्टर आला तो भाद्रपदात. तळ्याकडचा उतार ट्रॅक्टरनेही करायचा नाही, तिथले गवत विळ्यानेच, ही भावोजींची अट. कुठली ओळ आधी, पाते किती उंच, कुठल्या झाडाखाली फांदी लोंबते, हे सगळे तेच ठरवतात. खुर्ची टाकून बांधावर बसतात आणि सुनेच्या माहेरचा उचललेला एकच शब्द दिवसभर ओरडतात, 'निधान! निधान!' इंजिनच्या आवाजात तिला त्यातले काही ऐकू येत नाही. ती हात हलवते आणि पुढच्या ओळीत वळते.