न झिजता म्हातारे होणारे टायर

मोटारीमागे जोडून ओढायच्या घराला इंग्लंडात कॅरव्हॅन म्हणतात. आत बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी, सारा संसार. २०२३ च्या उन्हाळ्यात मी बडोद्याहून लीड्सला मुलाकडे गेलो होतो, तेव्हा त्याने असे एक वापरलेले घर नुकतेच विकत घेतले होते. सूनबाई आणि दोन्ही नातवंडांना घेऊन लेक डिस्ट्रिक्टला जायचा बेत होता.

घर सुबक होते आणि टायर नवे दिसत होते. नक्षीची खोली तिकडच्या कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते. इथे ती त्याच्या कितीतरी पट होती. परंतु माझे वडील बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. चाकाची धाव खड्याने वाजवून पाहिल्याखेरीज ते बैलगाडीत पाऊल ठेवीत नसत. ती सवय माझ्यात उतरली आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे २३१४ होते. म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. टायरांना नऊ वर्षे झाली होती.

"पण बाबा, ते झिजलेले कुठे आहेत?" मुलगा म्हणाला.

खरी गोम तिथेच आहे. मोटारीचे टायर धावून झिजतात, कॅरव्हॅनचे उभे राहून म्हातारे होतात. वर्षातले बहुतेक महिने ते एकाच जागी, तोच भार सोशीत, ऊन खात असतात. रबर कडक होते, बाजूंना बारीक चिरा पडतात. म्हणून पाच वर्षांनी ते बदलावेत, सातांपलीकडे नेऊच नयेत, असे जाणकार सांगतात. शिवाय मागचा टायर मऊ पडला, तर पुढे बसलेल्या चालकाला बहुधा पत्ताच लागत नाही. तो फुटतो तेव्हा कळते, आणि तेव्हा मागच्या आसनावर नातवंडे असतात.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. भरलेल्या घराचे वजन १३०० किलो, चाके दोन. टायरवर ९४ हा भारांक होता. म्हणजे एकेकाची ताकद ६७० किलो, दोहोंची १३४०. हिशेब जेमतेम जुळत होता. ९७ भारांकाचा टायर ७३० किलो पेलतो. दोन मिळून १४६०, म्हणजे सुमारे एक दशांश ताकद हाताशी राखून. मुलाने तेच मागवले. वेगाच्या अक्षराची चिंता नव्हती. कॅरव्हॅन ओढताना तिथे मोटरवेवरही ताशी ६० मैलांची मर्यादा आहे.

हवेचा दाब पुस्तिकेत दिल्याप्रमाणेच भरावा, आणि तो टायर थंड असताना मोजावा. हवा कमी असली तर टायरच्या बाजू सतत वाकून तापतात, आणि ती उष्णताच टायर फोडते. जास्त झाली तर घर उसळते. प्रवासात दाब वाढलेला दिसला म्हणून हवा काढणे हा शुद्ध घात. ओढणाऱ्या मोटारीच्या मागच्या टायरांतही, तिच्या पुस्तिकेत पूर्ण भारासाठी दिलेला दाब हवा, कारण घराचे नाक तिच्यावर टेकलेले असते. हा नाकाचा भार एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के असावा. आमच्या हिशेबाने ६५ ते ९१ किलो, मात्र मोटारीला झेपेल तेवढाच. तो कमी पडला तर घर मागे सापासारखे हेलकावू लागते. आपल्याकडे मागे जड झालेल्या गाडीला 'उलाळ' म्हणत. मुलाला तो शब्द ठाऊक नव्हता. अर्थ मात्र क्षणात कळला.

प्रवास चार दिवस पुढे गेला. जुने टायर उतरवले तेव्हा, बाहेरून न दिसणाऱ्या आतल्या बाजूवर चिरांचे जाळे निघाले. सूनबाई बराच वेळ ते पाहत उभ्या राहिल्या. मुलाने वहीत नव्या टायरांची तारीख लिहिली आणि शेजारी बदलण्याचे वर्षही.

आपल्या जुन्या घराण्यांतही पुष्कळ गोष्टी अशा न झिजता म्हाताऱ्या होतात. कपाटातली पुस्तके, सणापुरती काढलेली भाषा, चार पिढ्यांपूर्वीचे शब्द. वरून नक्षी शाबूत असते, म्हणून आपण निर्धास्त राहतो. 'उलाळ' हा शब्द मात्र त्या उन्हाळ्यात दोन्ही नातवंडांच्या तोंडी बसला. सामान भरताना ती अजून तोच विचारतात.